निदर्शन, दंगल, बंड, उठाव : रेषा कुठे ओढायची?

प्रश्न असा आहे: 6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनात जमाव घुसला. त्याला मराठीत कुणी 'निदर्शने' म्हणतं, कुणी 'दंगल', कुणी 'बंड', कुणी 'उठाव'. बरोबर कोणतं? आणि मग सोलापूरच्या मे 1930 ला 'उठाव' कशाच्या आधारावर म्हणायचं?

मोडतोड किती झाली, यावरून हे शब्द ठरवू नयेत. जमावाला काय हवं होतं ते पाहावं. सरकारनं निर्णय बदलावा एवढीच मागणी असेल तर ते निदर्शन, मोर्चा किंवा सत्याग्रह. त्यात कायदा मोडला गेला तरी. पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावानं बळ वापरलं की कायद्याच्या भाषेत दंगा होतो (भारतीय न्याय संहिता, कलम 189 आणि 191). तिथे सत्तेचा प्रश्न असलाच पाहिजे असं नाही. सत्तेचा अधिकारच नाकारला, किंवा सत्तेचं काम बळानं थांबवलं, की बंड किंवा उठाव सुरू होतो. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या गुन्ह्यातही (कलम 147) न्यायालयं डोकी आणि हत्यारं मोजून थांबत नाहीत, जमण्यामागचा हेतू तपासतात.

सोलापुरात हे सगळे टप्पे एकाच आठवड्यात दिसतात. गांधीजींच्या अटकेनंतर हरताळ आणि मिरवणुका: ही निदर्शनं. 8 मे रोजी गोळीबार, मग मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले: ही दंगल. त्यानंतर तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळू लागले: हा उठाव. सरकारलाही तो तसाच वाटला असावा, एरवी 12 मे ते 30 जून लष्करी कायदा लागला नसता. पण मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली ती पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून. राज्यकर्ते आरोपपत्रात उठावाला खून म्हणतात, हे लक्षात ठेवावं. आरोपपत्रातला शब्द म्हणजे इतिहासाचा निवाडा नव्हे.

शब्दांचा रंगही वेगळा आहे. 'उठाव' म्हणणारा बहुधा उठणाऱ्यांच्या बाजूनं बोलत असतो, 'बंडाळी' म्हणणारा राज्यकर्त्याच्या. 1857 ला 'बंड' म्हणायचं की 'स्वातंत्र्यसमर', हा वाद याच कारणानं इतका लांबला. 'बंड' त्या मानानं मधला शब्द, पण पक्षाचं तिकीट न मिळालेला उमेदवारही आता 'बंडखोर' असतो, त्यामुळे तो पातळ झालाय. म्हणून बळाचा वापर असेल तिथे 'सशस्त्र बंड' असं स्पष्ट लिहावं, पण शस्त्रं खरोखर असतील तरच. 'उठाव' मथळ्यात एकटा टाकू नये. सोलापूरच्या बाजारात 'चादरींना उठाव' म्हणजे मागणी. क्रियापदंही सांभाळावीत: निदर्शनं करतात, दंगल उसळते, बंड पुकारतात, उठाव होतो.

सर्वाधिक घोटाळा 'राजद्रोह' या शब्दात होतो. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 124अ चा राजद्रोह हा शब्दांनी अप्रीती पसरवण्याचा गुन्हा होता. टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती लेखांसाठी. 6 जानेवारीच्या अमेरिकेतल्या खटल्यांत काही आरोपींना ज्या कटासाठी (इंग्रजीत 'seditious conspiracy') दोषी ठरवलं, त्यात बळाचा वापर हा मुख्य मुद्दा होता. त्याला 'राजद्रोहाचा कट' म्हटलं की मराठी वाचकाला भाषण किंवा अग्रलेख आठवतो. 'सरकारला बळानं रोखण्याचा कट' असंच लिहावं.

आता 6 जानेवारी. त्या दिवशी निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब करणारी बैठक बळानं थांबवण्यात आली, म्हणून 'निदर्शने' अपुरं आहे. कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना उमेदवारीसाठी अपात्र ठरवताना त्याला बंडच म्हटलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2024 रोजी तो निकाल फिरवला, पण राष्ट्रीय पदाच्या उमेदवाराला या कारणानं अपात्र ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही एवढ्याच मुद्द्यावर. बंड होतं की नव्हतं, यावर त्यानं निर्णय दिला नाही. त्यामुळे स्वतःच्या वाक्यात 'संसदेवरचा हल्ला' लिहावं, आणि 'बंड' लिहायचं तर ते कोण म्हणतं तेही त्याच वाक्यात द्यावं.