एसडीएन नेटवर्कमधील डीडॉस हल्ला ओळखण्यासाठी केवळ एन्ट्रॉपी मोजणे पुरेसे आहे का?

नाही, केवळ तेवढ्यावर विसंबू नये. एसडीएन (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) म्हणजे स्विचने कोणते पॅकेट कुठे पाठवायचे हे ‘कंट्रोलर’ नावाचे मध्यवर्ती सॉफ्टवेअर ठरवते असे नेटवर्क; डीडॉस म्हणजे अनेक यंत्रांवरून एकाच वेळी वाहतुकीचा भडिमार करून सेवा ठप्प पाडणारा हल्ला; आणि एन्ट्रॉपी म्हणजे येथे पॅकेटांचे पत्ते किती विखुरलेले आहेत याचे माप. ओपनफ्लो (स्विच व कंट्रोलर यांच्यातील संवादाचे प्रमाणित नियम) पद्धतीच्या नेटवर्कमध्ये स्विचच्या फ्लो टेबलात, म्हणजे पॅकेट हाताळण्याच्या नियमांच्या यादीत, ज्या पॅकेटसाठी नियम सापडत नाही, ते सामान्यतः ‘पॅकेट-इन’ संदेशाद्वारे कंट्रोलरकडे पाठवले जाते; त्यामुळे हल्लेखोर बनावट स्रोत-पत्ते वापरू लागला की जवळजवळ प्रत्येक पॅकेट नवे ठरते आणि सर्व्हरसोबत कंट्रोलरही दबून जातो. हे संदेश कंट्रोलरकडे येतच असल्यामुळे त्यांतील गंतव्य-पत्त्यांची एन्ट्रॉपी मोजणे स्वस्त पडते: ६४ यंत्रांकडे समान वाहतूक जात असेल तर एन्ट्रॉपी ६ बिट भरते, आणि सगळा ओघ एकाच यंत्राकडे वळला तर शून्यावर येते.

मात्र हल्ल्याचे लक्ष्य खुद्द कंट्रोलर किंवा फ्लो टेबल असेल, तर हल्लेखोर गंतव्य-पत्तेही यादृच्छिक ठेवू शकतो. अशा वेळी एन्ट्रॉपी घटण्याऐवजी वाढते आणि फक्त खालची मर्यादा तपासणारी प्रणाली गप्प राहते. ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. उलट, परीक्षेचा निकाल जाहीर होताच संकेतस्थळावर उडालेली प्रामाणिक झुंबडही एन्ट्रॉपी खाली आणते. म्हणून पॅकेट-इनचा दर आणि प्रत्येक फ्लोमागील (एका स्रोताकडून एका गंतव्याकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या मालिकेमागील) पॅकेटांची संख्या यांची जोड मी आवश्यक मानतो, कारण बनावट पत्त्यांचे फ्लो बहुधा एकदोन पॅकेटांतच संपतात, तर खऱ्या वापरकर्त्याची देवाणघेवाण पुढे चालू राहते. फ्लोची आकडेवारी स्विचकडून सतत मागवल्यास स्विच व कंट्रोलर यांना जोडणाऱ्या नियंत्रण-वाहिनीवरच भार पडतो. तेव्हा एन्ट्रॉपी किंवा पॅकेट-इनचा दर नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेल्यावरच ती मागवावी.