शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि माझ्या बोअरला धूळ, असं का?

शेजाऱ्याला १८० फुटांवर दोन इंची पाणी लागलं, तिथून शंभर फुटांवर तुम्ही ४०० फूट गेलात तरी कोरडंच. आता त्याच भोकात आणखी २०० फूट जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी विहिरी-बोअरच्या जागा बघायचं काम करतो. माझं मत, जाऊ नका.

तुम्ही सिन्नर तालुक्यातले, म्हणजे खाली बसाल्ट, आपला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तोही थरावर थर पसरलेला. प्रत्येक थराचा माथा बुडबुड्यांमुळे जाळीदार आणि पोट घट्ट. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडी चिकट माती सापडते, पुढच्या लाव्ह्यानं भाजून काढलेली. घट्ट पोटात पाणी राहायला जागाच नाही, तिथे फटी असल्या तरच पाणी. जाळीदार किंवा झिजलेला बसाल्टसुद्धा कंजूषच. शंभर लिटर आकाराच्या अशा खडकातून एक ते तीन लिटर पाणी हाती लागतं. तापीकाठच्या वाळूमिश्रित गाळातून बारा ते वीस लिटर मिळतं.

पारनेरकडे एका विहिरीत मी मार्चमध्ये उतरलो होतो. वरून मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे जाळीदार खडक, खाली त्या तांबड्या मातीचा पट्टा. मुरूम कोरडा ठणठणीत, पण पट्ट्याच्या बरोबर वरच्या कडेला खडक ओला आणि तिथून बारीक धार सुटलेली. तांबडी माती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते तिच्या माथ्यावरून आडवं सरकत येतं. मालक म्हणाला, "एवढाच झरा आहे, यावरच उन्हाळा काढतो." विहीर या पट्ट्याच्या चार फूट वर थांबली असती तर मार्चमध्ये तिला थेंब दिसला नसता.

आता तुमचा शंभर फुटांचा प्रश्न. बसाल्टातल्या बऱ्याच फटी उभ्या असतात आणि बोअरही उभं, तेही साडेसहा इंचांचं. उभ्या फटीपासून दोन हात अंतरावर बोअर पडलं तर ते तिच्या शेजारून ४०० फूट जाईल आणि तिला शिवणारसुद्धा नाही. तुमच्या शेजाऱ्याचं बहुतेक अशा फटीवर नाहीतर दोन थरांमधल्या ओल्या सांध्यावर पडलं. विहिरीत आडवे बोअर मारतात ते याचसाठी, आडवं भोक उभ्या फटींना आरपार छेदत जातं.

धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गंमत दिसते. जुन्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, त्याच्या उभ्या दगडी भिंती झाल्या, त्यांना डाइक म्हणतात. कित्येक किलोमीटर सरळ टेकडीसारख्या जातात. डाइक अखंड असेल तर उताराच्या वरच्या अंगाला पाणी अडतं, खालच्या अंगाच्या विहिरी मात्र रडतात. तोच तडकलेला असेल तर त्याच्या कडेनंच पाणी वाहतं. नुसता डाइक दिसला म्हणून जागा ठरवू नये, तो तडकलाय का हे आधी बघावं.

खोल जाण्याबद्दल सांगायचं तर जमिनीखाली तळं नाही. खाली जाल तशा फटी वरच्या वजनानं आवळत जातात. एखादा ओला सांधा खोलवर भेटतोही, पण तो जुगार आहे आणि फुटाचा दर तुम्हाला माहीत आहे. नारळवाल्या पाणाड्याशी माझं भांडण नाही, पण तो थर बघत नाही. यंत्रानं सर्व्हे करणार असाल तर एक लक्षात ठेवा, तांबडी ओली मातीही यंत्राला पाण्यासारखीच दिसते. असा 'पाण्याचा पॉइंट' फोडून चिखल काढलेले लोक मी पाहिलेत.

त्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या चार विहिरी मे महिन्यात बघून या. तांबडा पट्टा किती फुटांवर आहे, धार कुठल्या अंगानं येते, फटी कुठल्या दिशेला धावतात, वहीत लिहा. तुमची जुनी विहीर असेल तर त्या फटींना आडवं जाईल असं बोअर तिच्यातून मारणं स्वस्त पडेल.

आणि तुमचं बोअर चालू असताना धुळीचा रंग काळ्याचा लाल कितव्या फुटाला झाला, माती मधेच ओली लागली का, हे आठवत असेल तर इथे लिहा. गाडीवाल्या पोरांना विचारा, त्यांच्या लक्षात असतं.