मुंबई सात बेटांची होती म्हणतात, मग ती बेटं आज कुठे दिसतात?

नकाशात शोधू नका, सापडणार नाहीत. जुलैत भरतीच्या वेळेला दोन तास पाऊस झोडपून काढेल तेव्हा दादर-परळजवळच्या हिंदमाताला या. तिथे माझ्या मामाचं कापडाचं दुकान आहे. आभाळ काळं झालं की मामा खालच्या फळीवरचे तागे वरच्या फळीवर चढवायला लागतो. रस्त्याकडे नंतर बघतो. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की गटारांतलं पाणी समुद्र घेत नाही. मग गुडघाभर पाण्यात उभे राहून सगळे एकच वाक्य बोलतात, "ओहोटी लागली की उतरेल." पालिकेने अलीकडे जमिनीखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्यात, त्यामुळे पाणी लवकर ओसरतं. तरी मामाची तागे चढवायची सवय काही सुटलेली नाही.

शहराचा हा मधला पट्टा सखल आहे, बराचसा भरावाचा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटं. अंदमानसारखी दूरदूर नव्हेत हं. मध्ये उथळ खाड्या, ओहोटीला चिखल तुडवत पलीकडे जाता येईल अशा. पलीकडे पोचल्यावर जिथे पाय धुवायचे ती पायधुणी! उमरखाडीचं तर नावच सांगतं. आज या दोन्ही ठिकाणी समुद्राचा मागमूस नाही, हातगाड्यांतून वाट काढता काढता जीव जातो.

पोर्तुगीजांनी 1661 च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, त्याने 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, हे तुम्ही शाळेत वाचलंच असेल. पण शहर खरं बदललं ते गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत घुसायचं. ते 1784 च्या सुमारास बंद झालं. बांध सारखा ढासळत होता, मग रामजी शिवजी प्रभूंना स्वप्नात देवी दिसली, समुद्रातून मूर्ती काढल्यावर काम टिकलं, अशी आख्यायिका आहे. हाजीअलीवरून वरळीकडे जाता तो लाला लजपतराय मार्ग म्हणजे तोच बांध. आतली जमीन कोरडी झाल्यावर तिथे वस्ती वाढली. तेलंगणाकडून आलेल्या कामाठी मजुरांचा कामाठीपुरा त्यातलाच. पुढे 1838 मध्ये कुलाबा रस्त्याने जोडला गेला, 1845 मध्ये माहीम वांद्र्याला. 1854 मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी निघाली आणि मग आमच्या आजोबांसारखी कोकणातली पोरं वळकटी घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरू लागली.

आजोबांची लोअर परळची चाळ गेल्या वर्षी पाडली. टॉवरच्या पायासाठी खणलं तेव्हा काळाकुट्ट चिकट चिखल निघाला, त्यात शिंपल्या. आम्ही कुंपणाच्या पत्र्यामधून डोकावून बघत होतो. त्याच पत्र्यावर टॉवरची जाहिरात, आणि पत्ता लिहिलाय 'अप्पर वरळी'. परळ आणि वरळी ही दोन वेगळी बेटं होती, हे त्या बिल्डरला कोण सांगणार!