मुंबई मॅरेथॉनला तीन आठवडे उरलेत, आठवड्याला ६० किमी पळतोय. पळणं कधीपासून आणि किती कमी करू?

आजपासूनच कमी करा: या आठवड्यात ४५ किमी, पुढच्यात ३५ च्या आसपास, आणि शर्यतीच्या आठवड्यात रविवारचे ४२ सोडून १५ ते २०. कमी करायचं ते अंतर. वेग नाही, आणि पळायचे दिवसही शक्यतो तेवढेच ठेवा. बॉस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये धावपटू, सायकलपटू आणि जलतरणपटूंवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले. सर्वाधिक फायदा दिसला तो दोन आठवडे सराव ४१ ते ६० टक्के घटवून जोर तसाच ठेवल्यावर. म्हणजे मंगळवारी १० किमी टेम्पो (जोरात, पण टिकवता येईल अशा वेगाने पळणं) करत असाल तर ५ करा, पण त्याच पेसने. शेवटच्या दिवसांत पाय जड वाटतील, वजन किलोभर वाढेल. घाबरू नका. स्नायूंत साठणारा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा, पळतानाचं इंधन) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो, आणि तोच साठा तिसाव्या किलोमीटरनंतर कामी येतो. राहून गेलेला ३२ किमीचा लाँग रन मात्र आता भरून काढायला जाऊ नका, कळकळीने सांगतो. हे गणित फुल मॅरेथॉनचं. हाफ असेल तर ७ ते १० दिवस पुरतात.