कोहेन ऐकायला घेताय?

कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन ऐकायचा, तर सुरुवात 'हू बाय फायर'पासून करा. गाणं १९७४चं, पण साचा योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्यू लोक म्हणतात त्या हिब्रू प्रार्थनेचा: येत्या वर्षी कोण पाण्याने जाणार, कोण आगीने, कोण भुकेने. आधी ती प्रार्थना वाचा, मग शब्द समोर ठेवून गाणं ऐका. त्या जुन्या यादीत कोहेन झोपेच्या गोळ्यांनी जाणारेही बसवतो. आणि कडव्याच्या शेवटी, फोन उचलणाऱ्याच्या सुरात, बोलावणारा कोण म्हणून विचारतो! माझ्या मते गाण्याचा सगळा जीव त्या प्रश्नात आहे.

नंतर 'टेक धिस वॉल्ट्झ' घ्या. ते स्पेनचा कवी लोर्का याच्या स्पॅनिश कवितेवरून केलेलं. लोर्कावर त्याचा इतका जीव, की मुलीचं नावही लोर्काच ठेवलं.