टायर दोन, खर्च पाच हजार: आता करावा की पावसाळ्यानंतर?

वाईहून साताऱ्याला रोज मोटारसायकलने नोकरीला जाणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, दीडशे सीसीच्या गाडीचे दोन्ही टायर बदलण्यासाठी दुकानदाराने ५,००० रुपये सांगितले असून पगार २४,००० रुपये आहे, जूनमध्ये मुलीची शाळेची फी भरायची आहे आणि अडीअडचणीसाठी म्हणून बँकेत १८,००० रुपये बाजूला ठेवलेले आहेत. अशा स्थितीत फक्त मागचा टायर रिमोल्ड करून (म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवून) घ्यावा, हप्त्यांवर नवे घ्यावेत, दिवाळीपर्यंत थांबावे, की मेहुण्यांच्या सल्ल्याप्रमाणे गाडीच बदलावी?

माझे मत असे आहे की दोन्ही टायर मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, रोख पैसे देऊन आणि त्या १८,००० मधूनच घ्यावेत. आपण तो निधी आजारपणासाठी राखला आहे, त्याला हात लावणे आपल्याला जिवावर येते, आणि ही शिस्त खरोखर चांगली आहे. परंतु ज्या गाडीवर घरचा पगार अवलंबून आहे तिचा टायर ओल्या रस्त्यावर घसरला, तर ज्या संकटासाठी हे पैसे ठेवले तेच संकट आपण ओढवून घेतो. निधी १३,००० वर येईल; दरमहा १,००० रुपये टाकल्यास पाच महिन्यांत पूर्ववत होईल. मुलीच्या फीसाठीचे आवर्ती खाते मात्र मोडू नये.

रिमोल्डचा पर्याय स्वस्त वाटतो, पण आपण दिलेल्याच आकड्यांनी तो महाग ठरतो. आपल्या मित्राचा रिमोल्ड टायर ७,००० किलोमीटर चालला. त्याचे १,१०० आणि बसवण्याचे २५० मिळून १,३५० रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला सुमारे १९ पैसे. नवा मागचा टायर बसवणावळीसह २,९०० ला पडतो आणि आधीचा २१,००० किलोमीटर चालला होता. सावधपणे २०,००० धरले तरी किलोमीटरला साडेचौदा पैसेच येतात. सुरक्षिततेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब नव्याच्या बाजूने आहे, आणि तो प्रश्न बाजूला ठेवावा असे मला मुळीच वाटत नाही.

पुढच्या टायरची नक्षी अजून शाबूत आहे म्हणून तो राहू द्यावा, असे आपण लिहिता. कृपया त्याच्या कडेवरचे चार आकडे पुन्हा पाहा. पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आपण कळवलेला ३४१९ म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. साताऱ्याची नोकरी लागेपर्यंत गाडी बहुतेक उभीच असल्यामुळे नक्षी टिकली, परंतु रबर वयानेही कडक होते, आणि कडेला दिसणाऱ्या ज्या बारीक भेगांचा आपण उल्लेख केला आहे त्या त्याच्याच खुणा आहेत. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे येथे काटकसर करू नये. मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचे नख फिरवले की आडवा उंचवटा लागतो, ती झिजेची खूण होय. आपल्या टायरची नक्षी त्या उंचवट्याच्या पातळीला आली आहे, म्हणजे तो आता बदलायलाच हवा. दुचाकीसाठी नियमाने किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते. पावसात तेवढ्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

किंमत उतरण्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही, कारण नव्या टायरांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे. आज ४,५०० ला मिळणारी ही जोडी जुन्या दराने सुमारे ४,८८० ला पडली असती. ऑनलाइन ती ४,२०० ला दिसते हे खरे, परंतु बाहेरून आणलेला टायर बसवण्यासाठी आपल्या गावात चाकामागे ४०० रुपये घेतात, तर दुकानदार नवा व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगसह २५० घेतो. दोन्हीकडची बेरीज ५,००० च होते. अलॉय रिम असल्याने टायर लोखंडी पट्ट्यांनी न उचकटता यंत्रावर चढवणाऱ्याकडेच जावे. मागचे चाक उघडलेलेच असते, तेव्हा चेन सेट आणि ब्रेक शू त्याच वेळी तपासून घ्यावेत. पुढे त्यासाठी पुन्हा चाक उघडण्याची मजुरी वाचते.

‘विनाव्याज’ हप्त्यांचे म्हणाल तर १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर धरून २३५ रुपये जातात. तीन महिन्यांत फिटणाऱ्या ५,००० वर हे वर्षाला सुमारे २८ टक्के व्याज भरण्यासारखे आहे. हाताशी पैसे असताना ते का भरावे?

नवी गाडी घेतल्यास ३,४०० रुपयांचे ३६ हप्ते, म्हणजे १,२२,४०० रुपये जातील, आणि तिचेही टायर झिजतीलच. इंजिन ठीक असताना हा विचार सोडून द्यावा.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या जमाखर्चात पेट्रोल असते, टायर नसतो. म्हणून तो दर वेळी अचानक आल्यासारखा वाटतो. आपले महिन्याचे १,७०० किलोमीटर धरता मागच्या टायरची झीज सुमारे २४५ रुपये होते, आणि पुढचा ३०,००० किलोमीटर चालेल असे मानल्यास त्याची १२० रुपये. पेट्रोलवर साडेतीन हजार खर्च होतात, त्याच ओळीखाली हे ३६५ रुपये लिहावेत आणि आणीबाणीचा निधी भरून निघाल्यावर तेवढे वेगळ्या खात्यात टाकावेत, कारण मागचा टायर वर्षभरात पुन्हा बदलावा लागणार आहे.

दुकानात टायर चढवण्याआधी निर्मितीचा आठवडा स्वतः वाचावा, कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते पाहावे, आणि टायरचा क्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल मागून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे; निर्मितीतला दोष निघाल्यास बदलून मागताना तेच दाखवावे लागेल.