फी माफ, मग देणगी कशासाठी?

प्रश्न : मुलींची फी आता सरकारच माफ करते, मग आमच्या महिला मंडळाने जमवलेली देणगी गरजू मुलींच्या नेमकी कशी उपयोगी पडेल?

उत्तर : आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलींना महाराष्ट्रात २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचीही फी माफ झाली, हे खरे; परंतु बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघाले, की थोरल्या मुलीला धाकट्यांना सांभाळायला फडावर जावे लागते आणि तिची शाळा तेथेच सुटते. तिच्या राहण्याजेवणाची सोय गावात झाली, तरच तिचे वर्ष वाचते. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात सुरू केलेली संस्थाही लोकांच्या देणग्यांवरच उभी राहिली. दप्तरवाटपाचे फोटो छान येतात, एवढेच. त्यापेक्षा मुलगी दहावी होईपर्यंत तिच्या जेवणाचा खर्च दरमहा वसतिगृहाच्या खात्यात भरावा.